गुण्या आणि ओळंबा : अभिलंब बलाच्या मराठी मांडणीविषयी

पृष्ठावर ठेवलेल्या वस्तूवर ते पृष्ठ जे बल लावते, त्याला मराठीत अद्याप एक निश्चित नाव लाभलेले नाही. ‘लंब प्रतिक्रिया’, ‘अभिलंब बल’ आणि अलीकडे ‘सामान्य बल’ अशी नावे एकाच बलासाठी योजिली जातात. तोच ‘नॉर्मल’ शब्द प्रकाशाच्या प्रकरणात ‘स्तंभिका’ होतो व संख्याशास्त्रात ‘प्रसामान्य’. ही अनेकता केवळ गैरसोयीची असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु पदव्युत्तर वर्गापर्यंत टिकून राहणारे या बलाविषयीचे गैरसमज पुष्कळदा नावांतूनच उद्भवलेले असतात.

पैकी ‘सामान्य बल’ हे भाषांतर सरळ त्याज्य होय. ‘नॉर्मल’ शब्दाचे मूळ लॅटिन ‘नॉर्मा’ हे आहे आणि त्याचा अर्थ सुताराचा गुण्या. ‘नेहमीचे, सर्वसाधारण’ हा अर्थ त्या शब्दाला मागाहून चिकटला. म्हणजे ज्या वस्तूचे नाव मराठी मुलाच्या कंपासपेटीतच होते, तिला ओलांडून भाषांतरकार ‘सामान्य’पाशी जाऊन थांबला.

नौपाड्यात जुन्या दुमजली-तिमजली इमारती जाऊन बहुमजली इमारती उभ्या राहिल्या व राहत आहेत. तेथील कोणत्याही गवंड्याजवळ ओळंबा व गुण्या ही दोन साधने असतात आणि त्यांची कामे तो कधी एक समजत नाही. ओळंबा उभी दिशा दाखवितो. गुण्या समोरच्या पृष्ठाशी काटकोन दाखवितो, मग ते पृष्ठ कसेही कललेले असो. वस्तूचे वजन ओळंब्याच्या दिशेने असते, अभिलंब बल गुण्याच्या. सपाट फरशीवर या दोन रेषा एकच होतात, आणि म्हणूनच ‘टेबलावरील पुस्तक’ हे प्रिय उदाहरण आरंभासाठी सर्वांत वाईट ठरते; जो भेद शिकवावयाचा तोच त्यात झाकला जातो. त्यापेक्षा कौलारू छपराचा उतार घ्यावा. ३० अंशांच्या उतारावर १० किलोग्रॅमचा दगड स्थिर असेल, तर त्याचे वजन सुमारे ९८ न्यूटन, पण अभिलंब बल सुमारे ८५ न्यूटनच असते. उताराच्या दिशेचे उरलेले ४९ न्यूटन घर्षणाला पेलावे लागतात. ‘स्तंभिका’ या शब्दातही हाच धोका आहे, कारण स्तंभ म्हटला की मराठी मनापुढे ओळंब्यात उभा असलेला खांबच येतो.

‘प्रतिक्रिया’ हा शब्द अधिक फसवा आहे. येथे दोष केवळ मराठीचा नव्हे. इंग्रजी ‘रिअ‍ॅक्शन’नेही तोच गोंधळ घातला आहे. या शब्दामुळे विद्यार्थी वजन व अभिलंब बल यांना न्यूटनच्या तिसऱ्या नियमातील जोडी समजतो. वस्तुतः ही दोन्ही बले एकाच वस्तूवर कार्य करतात, तर तिसऱ्या नियमातील बले दोन भिन्न वस्तूंवर असतात. पुस्तकाच्या वजनाचे जोडीदार बल पृथ्वीवर आहे. अभिलंब बलाचे, टेबलावर. शिवाय तिसऱ्या नियमातील समानता कधीच मोडत नाही, ही मात्र लिफ्ट सुरू होताच मोडते. वरच्या दिशेने २ मीटर प्रतिसेकंदवर्ग त्वरण असता १० किलोग्रॅमच्या पेटीवर लिफ्टच्या तळाचे बल ११८ न्यूटन होते. वजन ९८ न्यूटनच राहते.

फार काय, नौपाड्यातील स्थिर टेबलावरही ही समानता काटेकोर नाही. सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावरील ते टेबल पृथ्वीबरोबर फिरते. त्यामुळे अभिलंब बल शुद्ध गुरुत्वाकर्षणाहून सुमारे ०.३ टक्का कमी भरते. ओळंबाही पृथ्वीच्या नेमक्या केंद्राकडे रोखलेला नसतो.

मग हे बल ठरते कशाने? त्याला स्वतःचे ठरीव सूत्र नाही. पृष्ठात वस्तू घुसू नये एवढ्यापुरते ते वाढते, संपर्क सुटताच शून्य होते, आणि पृष्ठाची ताकद संपली की पृष्ठच फुटते. लाग्रांजच्या १७८८ मधील यामिकीत अशा बंधनबलांना गुणकांच्या रूपाने स्थान मिळाले. त्यामागील भौतिक कारण मात्र द्रव्याच्या रचनेत आहे: पृष्ठ किंचित दबते, अणूंतील अंतरे बदलतात, आणि इलेक्ट्रॉनांना एकाच अवस्थेत राहण्यास पाउलीच्या तत्त्वाने असलेली मनाई व विद्युत्‌बले मिळून त्या दबण्यास विरोध करतात. द्रव्याच्या स्थैर्यास पाउलीचे तत्त्व आवश्यक आहे, हे गणिती काटेकोरपणाने सिद्ध करण्यास १९६७ मधील डायसन व लेनर्ड यांच्या कार्यापर्यंत वाट पाहावी लागली, ही गोष्ट या ‘सोप्या’ बलाविषयी पुरेशी बोलकी आहे.

‘वजनाला तोलते ते अभिलंब बल’ ही व्याख्या किती तोकडी आहे, हे घरातील चौरंगावरूनही दिसते. तिवईच्या तीन पायांवरील बले समतोलाच्या तीन समीकरणांनी निश्चित होतात. चौरंगाला पाय चार, समीकरणे मात्र तीनच. चौरंग व फरशी पूर्ण दृढ मानली तर कोणत्या पायावर किती भार, हे सांगताच येत नाही. हा प्रश्न अठराव्या शतकात ऑयलरने विचारार्थ घेतला होता. लाकूड किती लवते आणि फरशी किती दबते, हे हिशेबात घेतल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही.