साक्षांकन आणि प्रामाण्य : ग्राफिक्स ड्रायव्हरमधील एका संज्ञेची चिकित्सा

१

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये, सिद्ध झाला असे परंपरा मानते. या मताचा मुख्य आधार ग्रंथाच्या अखेरची कालनिर्देशक ओवी हा होय. परंतु ही ओवी मूळची की मागाहून घातलेली, उपलब्ध पोथ्यांची भाषा ‘ज्ञानेश्वरी’हून अर्वाचीन का वाटते, कवीचे स्थान मराठवाड्यातील अंबाजोगाई की विदर्भातील आंभोरे, या प्रश्नांवर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद झाला आहे.

अशा वादांत दोन भिन्न प्रश्न पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. हाती असलेली प्रत कर्त्याने सिद्ध केली तशीच आहे काय, हा पहिला प्रश्न. कर्त्याने जे सांगितले ते यथार्थ आहे काय, हा दुसरा. पहिला पाठचिकित्सेचा विषय आहे, दुसरा अर्थनिर्णयाचा. कालनिर्देशाची ओवी निःसंशय मूळची ठरली, तरी तेवढ्याने ‘विवेकसिंधू’तील वेदान्तप्रतिपादन निर्दोष ठरत नाही, आणि ती प्रक्षिप्त ठरली म्हणून ते सदोषही ठरत नाही.

या दोन प्रश्नांची गल्लत आज एका वेगळ्याच क्षेत्रात होताना दिसते. संगणकाचा ग्राफिक्स ड्रायव्हर सूक्ष्मनियंत्रकाचे फर्मवेअर भरतो आणि त्याचे ‘प्रमाणीकरण’ करतो, असे म्हटले जाते. या विधानातील ‘प्रमाणीकरण’ हा शब्द कितपत सार्थ आहे, याचा विचार येथे केला आहे.

२

प्रथम प्रक्रियेचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. ड्रायव्हर म्हणजे संगणकाची प्रचालन प्रणाली आणि एखादे यंत्रांग यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा प्रोग्राम. इंटेल कंपनीच्या चित्रप्रक्रियकांसाठी लिनक्समध्ये ‘आय-नाइन-वन-फाइव्ह’ या नावाचा ड्रायव्हर आहे. त्याची संहिता खुली असून कोणालाही वाचता येते. २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून या चित्रप्रक्रियकांत ‘जीयूसी’ आणि ‘एचयूसी’ हे दोन सूक्ष्मनियंत्रक आले. चित्रप्रक्रियकाकडे आलेल्या कामांची वाटणी करणे हे पहिल्याचे मुख्य कार्य. चलच्चित्रांच्या संकेतनातील काही भाग दुसऱ्याकडे असतो. त्यांना चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच फर्मवेअर, चिपमध्ये कायमचा कोरलेला नसतो. तो डिस्कवर एका धारिकेच्या रूपाने असतो आणि यंत्र सुरू होताना नव्याने भरावा लागतो.

या धारिकेत मुख्यतः तीन भाग असतात : आरंभीचे मथळापत्र, प्रत्यक्ष यंत्रसंहिता आणि आरएसए पद्धतीची स्वाक्षरी. ड्रायव्हर धारिका उघडतो, मथळापत्रातील आकार आणि आवृत्ती पडताळतो, ती स्मृतीत ठेवतो, स्वाक्षरी चिपच्या ठरावीक नोंदकांत लिहितो आणि यंत्रसंहिता एका संरक्षित स्मृतिखंडात उतरवण्याची आज्ञा देतो. या खंडाच्या सीमा एकदा लिहिल्या की पुढील पुनरारंभापर्यंत बदलता येत नाहीत. त्यानंतर चिपमध्ये कायम कोरलेला एक लहान प्रारंभ-प्रोग्राम स्वाक्षरी तपासतो. ड्रायव्हर स्थितिनोंदक पुनःपुन्हा वाचत निर्णयाची वाट पाहतो. निर्णय प्रतिकूल आला तर फर्मवेअर चालत नाही. आणि ज्या नव्या पिढ्यांत जीयूसीवाचून काम होत नाही, तेथे चित्रप्रक्रियक कामच स्वीकारत नाही.

एचयूसीची गोष्ट थोडी निराळी आहे. आरंभीच्या पिढ्यांत त्याचे फर्मवेअर ड्रायव्हरच भरतो, पण त्याची तपासणी जीयूसी करतो. म्हणजे जो स्वतः नुकताच तपासला गेला, तोच पुढच्याचा परीक्षक होतो. पुढे मीटिओर लेक या पिढीत ही तपासणी दोन टप्प्यांची झाली : सामान्य चलच्चित्रांसाठी जीयूसीची, आणि संरक्षित आशयासाठी आणखी एका सुरक्षा-नियंत्रकाची.

या वर्णनातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘ड्रायव्हर फर्मवेअरचे प्रमाणीकरण करतो’ हे वाक्य कर्त्याच्या दृष्टीनेच चुकीचे आहे. ड्रायव्हर वाहक आहे. तो धारिका नेऊन पोचवतो, परीक्षकासमोर ठेवतो आणि निकाल वाचतो. स्वाक्षरीची परीक्षा करणारा अन्य आहे, आणि ज्याची संहिता सर्वांना वाचता येते त्या ड्रायव्हरच्या हाती निर्णयाचा लेशही नाही.

३

मुळात अशी तपासणी का लागावी? याचे उत्तरही अंबाजोगाईतच शोधता येते. दासोपंतांची (१५५१–१६१५) प्रसिद्ध ‘पासोडी’ तेथे जतन केलेली आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहिलेली ही रचना आहे. येथे संहिता आणि तिचे अधिष्ठान एकच आहे. पासोडी खरी कशावरून, असे कोणी विचारले तर कापडच दाखवावे लागते. प्रतीचा प्रश्न उद्भवत नाही. याउलट ‘विवेकसिंधु’ प्रतींतून प्रवास करीत आला. प्रत्येक लेखनिक हा पाठभेदाचा संभाव्य कर्ता होता, म्हणून प्रत्येक प्रत तपासावी लागली.

चिपमध्ये कोरलेला प्रारंभ-प्रोग्राम हा पासोडीच्या जातीचा आहे; डिस्कवरून भरले जाणारे फर्मवेअर पोथीच्या जातीचे. पोथीचा लाभ असा की चिप न बदलता चूक सुधारता येते, नवी आवृत्ती धाडता येते. पण जे बदलता येते ते इतरांनाही बदलता येते. म्हणून निर्मात्याने पोथीवर मुद्रा उमटवली आणि ती मुद्रा ओळखण्याचे काम पासोडीकडे दिले. ‘विवेकसिंधू’च्या कालनिर्देशाची ओवी ग्रंथाच्या पोटातच होती आणि ती घालू शकणारा हात कोणत्याही लेखनिकाचा असू शकत होता. येथे स्वाक्षरी धारिकेतच असली तरी ती उमटवणारी गुप्त किल्ली निर्मात्याखेरीज कोणापाशी नसते. रचनेच्या दृष्टीने हा उपाय निःसंशय अधिक बळकट आहे.

४

आता संज्ञेकडे वळावे. संगणकाच्या मराठी परिभाषेत या क्रियेस ‘प्रमाणीकरण’ म्हणतात. शासनव्यवहारात ‘अधिप्रमाणन’ हा शब्दही रूढ आहे. दोहोंच्या मुळाशी ‘प्रमाण’ आहे, आणि प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. ‘प्रमाणित’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात ‘खरे, योग्य, विश्वासार्ह’ हे अर्थ आपोआप उमटतात. प्रस्तुत स्वाक्षरी यांपैकी कशाचीही हमी देत नाही. ही धारिका अमुक निर्मात्याकडून आली आहे आणि वाटेत तिच्यात बदल झालेला नाही, इतकेच ती सांगते. फर्मवेअरमध्ये दोष असेल, तर स्वाक्षरी त्या दोषासही अक्षरशः जशाच्या तसे पोचवते.

या क्रियेसाठी मराठीत एक नेमका शब्द तयार आहे : साक्षांकन. तहसील कचेरीत दाखल्याची साक्षांकित प्रत देणारा अधिकारी प्रत मुळाबरहुकूम आहे एवढेच सांगतो. मूळ दाखल्यातील जन्मतारीख बरोबर आहे की नाही, याची जबाबदारी त्याच्यावर नसते, आणि ती आहे असे कोणी समजतही नाही. हा भेद गावोगावच्या माणसाला ठाऊक आहे. परिभाषाकारांनी मात्र तो पुसून टाकला.

प्रामाण्याविषयीच्या भारतीय विचाराचाही येथे उपयोग होतो. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते, असे मीमांसक मानतात. ते अन्य साधनाने ठरते, असे नैयायिक म्हणतात. परतःप्रामाण्यावरचा नेहमीचा आक्षेप अनवस्थेचा आहे : परीक्षकाचा परीक्षक कोण? एचयूसीचा परीक्षक जीयूसी, जीयूसीचा परीक्षक प्रारंभ-प्रोग्राम. आणि तेथे मालिका थांबते. ती युक्तिवादाने थांबलेली नाही. तेथून पुढे प्रश्न विचारण्याची सोयच ठेवलेली नाही. मीमांसकांनी स्वतःप्रामाण्याच्या जोडीने वेद अपौरुषेय मानला, म्हणून कर्त्याच्या दोषाची शंका तेथे त्यांना संभवत नव्हती. चिपमधील अंतिम प्रमाण मात्र संपूर्णतः पौरुषेय आहे. ते एका कंपनीने ठरवलेले आहे. पौरुषेय वचनास अपौरुषेयाचे स्थान मिळावे, हा या व्यवस्थेतील खरा विचारणीय भाग होय.

५

त्याचे परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. एनव्हिडिया कंपनीच्या २०१४ मध्ये आलेल्या मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून स्वाक्षरीयुक्त फर्मवेअर आवश्यक झाले. ‘नूव्हो’ हा स्वतंत्र कार्यकर्त्यांनी सिद्ध केलेला खुला ड्रायव्हर तोवर स्वतःचे फर्मवेअर लिहून काम भागवत असे. तो मार्ग बंद झाला. चित्रकामासाठी लागणारे स्वाक्षरीयुक्त फर्मवेअर कंपनीने पुढे दिले. पण कार्डाची गती वाढवण्यासाठी लागणारे दिले नाही. त्यामुळे त्या पिढीतील कार्डे या ड्रायव्हरखाली आपल्या आरंभीच्या मंद गतीवरच अडकून राहिली. मालकाने विकत घेतलेले यंत्र पुरे चालवण्याचे ज्ञान उपलब्ध होते, अधिकार नव्हता. २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांना पुढे निराळा मार्ग मिळाला, पण तोही कंपनीच्याच स्वाक्षरीच्या फर्मवेअरमधून.

येथे एकनाथांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठी पैठण येथे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. हा निर्बंध कडक होता. पण तो घालण्यापूर्वी त्यांनी अपपाठ ओळखून दुरुस्त केले होते. ते शक्य झाले, कारण पोथ्या वाचता येत होत्या. स्वाक्षरीयुक्त फर्मवेअर प्रक्षेपक आणि संशोधक यांत भेद करीत नाही. दोघांनाही दाराबाहेर ठेवते. इंटेलच्या फर्मवेअरचा परवाना तर धारिकेची फोड करून अभ्यास करण्यासही मनाई करतो.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. सूक्ष्मनियंत्रकाला चित्रप्रक्रियकाच्या स्मृतीत व्यापक संचार असतो. तेथे भलताच प्रोग्राम बसला, तर त्याचा उपद्रव पडद्यापुरता राहील असे म्हणता येत नाही. म्हणून स्वाक्षरी नसावी हा निष्कर्ष अयोग्य ठरेल. पाठ मुद्रित असणे आणि तो वाचनास बंद असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. याच जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात महानुभावांचे पांचाळेश्वर आहे. त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत ठेवले. त्यामुळे ते जपले गेले हे खरे. पण विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची उकल होईपर्यंत मराठी गद्याचा तो ठेवा पंथाबाहेरील अभ्यासकांना पारखाच राहिला. फर्मवेअरची मूळ संहिता प्रसिद्ध करूनही स्वाक्षरी ठेवता येते, कारण स्वाक्षरीचे बळ किल्लीच्या गुप्ततेत आहे, मजकुराच्या गुप्ततेत नाही. तसेच बहुतेक व्यक्तिगत संगणकांच्या सुरक्षित आरंभात मालकाला स्वतःची किल्ली नोंदवता येते. हीच मुभा सूक्ष्मनियंत्रकाच्या बाबतीत अशक्य मानण्याचे तत्त्वतः कारण नाही.

६

या विवेचनातून परिभाषेपुरता निष्कर्ष असा निघतो : स्वाक्षरीच्या तपासणीस ‘साक्षांकन-पडताळणी’ म्हणावे, आणि ‘प्रमाणीकरण’ हा शब्द आशयाच्या परीक्षेसाठी राखून ठेवावा. शब्दाची ही दुरुस्ती लहान आहे; पण ती झाली तर विद्यार्थ्याला पुढचा प्रश्न सुचतो. प्रत साक्षांकित आहे, हे ठीक. मूळ कोणी वाचून पाहिले? मुकुंदराजांच्या कालनिर्देशाच्या ओवीवर शंका घेता आली, कारण पोथी उघडून दोन प्रती शेजारी ठेवता आल्या. ती शंका खरी ठरो वा खोटी, ‘विवेकसिंधू’चा अभ्यास तिच्यामुळे पुढे गेला.