अव्यक्त, विश्वनाथ आणि सृष्टिकर्ता : द्विभाषिक लेखांतील ईश्वरवाचक शब्दांचा विचार

संस्कृत व अरबी अशा दोन भाषांत कोरलेल्या लेखांचा आपल्या इतिहासग्रंथांत जो उपयोग होत आला आहे, त्यासंबंधानें कांहीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्या लेखांत 'अल्ला' ह्या शब्दाच्या जागीं एखादा संस्कृत शब्द आलेला असतो. एक पक्ष तो शब्द उचलून दोन धर्मांचें ऐक्य सिद्ध झालें असें म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हा व्यापाऱ्याचा किंवा राजाचा नुसता व्यवहार आहे, शब्दास अर्थ कांहीं नाहीं. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं लेखाची एकच बाजू वाचलेली असते. आम्हीही पूर्वी पहिल्या पक्षांत होतों, व तेंही नाण्याच्या एका बाजूचें चित्र पाहून, हें येथें कबूल करणें बरें. संस्कृत शब्द कोणत्या अरबी शब्दासमोर बसविला आहे व बसवितांना काय सांडलें, हें पाहिल्यावांचून त्याचें वजन समजत नाहीं.

प्रथम गझनीच्या महमुदाचें नाणें घेऊं. सोमनाथची स्वारी इ. स. १०२५-२६ ची. त्यानंतर दोनतीन वर्षांच्या आंतच, म्हणजे हिजरी ४१८ व ४१९ ह्या सालीं, महमूदपूर म्हणजे लाहोर येथील टांकसाळींत चांदीचे दिरहम पाडले गेले. त्यांच्या एका बाजूस अरबी लेख व दुसऱ्या बाजूस शारदा अक्षरांत संस्कृत लेख आहे. अरबी बाजूस कलमा. संस्कृत बाजूस त्याच्या जागीं 'अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद' अशीं अक्षरें. कडेच्या लेखांत बिस्मिल्लाच्या जागीं 'अव्यक्तीयनामे' असें असून दिरहमास 'टंक' व हिजरी सनास 'ताजिकीय संवत्' म्हटलें आहे. 'ताजिक' म्हणजे अरब, हा शब्द कोंकणच्या अभ्यासकांस नवा नाहीं. चिंचणी येथें सांपडलेल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत, शके ८४८ मध्यें, संजाणचा अधिकारी ताजिकच आहे, व त्याच्या महंमद ह्या नांवाचें तेथील पंडितानें 'मधुमति' करून टाकलें आहे.

'नामे' हें रूप पाणिनीय नव्हे, हें उघड आहे. तें बोलीभाषेंतून आलें आहे व मूळ अरबी पदाच्या पावलावर पाऊल टाकून चाललें आहे. म्हणजे नाण्याचा मजकूर रचणारा कोणी मोठा वैयाकरण नव्हता. हुकूम झाला तसें शब्दास शब्द ठेवणारा तो कारकून असावा. त्यावर राग धरण्याचें कारण नाहीं, पण त्याच्या शब्दावर मोठा सिद्धांत उभारतांना त्याची योग्यता ध्यानांत ठेविली पाहिजे.

आतां अर्थाकडे वळूं. कलम्याचा पूर्वार्ध निषेधानें सुरू होतो: दुसरा कोणी पूज्य नाहीं, असें प्रथम सांगून मग अल्लाचें विधान होतें. संस्कृत बाजूस हा निषेध नाहींसा झाला आहे. 'एक अव्यक्त' एवढें विधान उरलें, आणि तें तर पंजाबांतील कोणत्याही वेदान्त्यानें मुकाट्यानें मान्य केलें असतें. ज्या वाक्याच्या बळावर मूर्ति फोडल्या गेल्या त्याची धारच भाषांतरांत बोथट झाली. हें जाणून केलें कीं रचनेच्या अडचणीनें झालें, तें नाणें सांगत नाहीं. निषेध गेला आहे, इतकें मात्र निश्चित.

'अव्यक्त' हा शब्द तर आणखी घोटाळ्याचा आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायांत अव्यक्ताची उपासना ब्रह्मपर आहे हें खरें. परंतु सांख्यशास्त्रांत अव्यक्त म्हणजे प्रधान, म्हणजे मूळ जड प्रकृति. सांख्यानें हें नाणें हातांत घेतलें असतें तर तुरुष्क लोक जड प्रकृतीची पूजा करतात असाच त्याचा ग्रह झाला असता. अल्बेरूनी त्याच सुमारास पंजाबांत होता, म्हणून ह्या लेखांत त्याचा हात असावा असें म्हणण्याचा मोह होतो. त्यास पुरावा कांहीं नाहींच, उलट त्याचा ग्रंथ ह्या तर्काच्या विरुद्ध जातो. सुमारें १०३० त पुऱ्या झालेल्या आपल्या हिंदविषयक ग्रंथांत त्यानें पंचवीस तत्त्वें सांगतांना अव्यक्त म्हणजे आकाररहित मूळ द्रव्य असें स्पष्ट लिहिलें आहे. सांख्य व पातंजल हीं शास्त्रें अरबींत उतरविणारा मनुष्य अल्लाच्या जागीं हाच शब्द निवडील, हें आम्हांस पटत नाहीं.

सर्वांत विपरीत शब्द 'अवतार'. रसूल म्हणजे धाडलेला, निरोप आणणारा. अवतार म्हणजे स्वतः देवच उतरलेला. ह्या दोहोंत जें अंतर आहे तें मिटविणें म्हणजे इस्लामच्या मूळ आग्रहासच हात लावणें होय. अरबी व संस्कृत दोन्ही जाणणारा एखादा मुल्ला टांकसाळींत उभा असता तर साचा तेथेंच मोडला असता. तो मोडला नाहीं, यावरून महमुदाचें औदार्य सिद्ध होत नाहीं. संस्कृत बाजू त्याच्या दरबारांत कोणी तपासून पाहिली नाहीं, एवढेंच फार तर निघेल.

ह्यानंतर सुमारें दोनशें छत्तीस वर्षांनीं त्याच सोमनाथाच्या परिसरांत जो लेख कोरला गेला तो ह्याच्याहून पुष्कळ सरस आहे. हुर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोज यानें तेथें मशीद बांधिली व तिच्या खर्चास उत्पन्न लावून दिलें. त्याचा हा संस्कृत शिलालेख. चौलुक्य (वाघेला) राजा अर्जुनदेवाचा तो काळ. लेखांत रसूल महंमद संवत् ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ व सिंह संवत् १५१ असे चार सन दिले आहेत, म्हणजे इ. स. १२६४. कालगणनेच्या अभ्यासकांनीं ह्या लेखाचा फार उपयोग केला, परंतु त्याच्या पहिल्या ओळीकडे त्या मानानें कमी लक्ष गेलें.

आरंभीं श्रीविश्वनाथास नमन आहे व त्यास 'शून्यरूप', 'विश्वरूप', 'लक्ष्यालक्ष्य' अशीं विशेषणें लाविलीं आहेत. हा विश्वनाथ कोण? सोमनाथच्या पाशुपत आचार्यानें तो शब्द वाचला तर त्यास शिवच दिसणार, व ज्या पंचकुलासमोर हा व्यवहार झाला त्यांत पाशुपताचार्य वीरभद्र प्रमुख होता. पण कुराणाच्या पहिल्या सुरेंत अल्लास 'रब्बुल् आलमीन' म्हणजे सर्व विश्वांचा धनी म्हटलें आहे, आणि 'विश्वनाथ' हें त्याचें अक्षरशः भाषांतर होतें. एका शब्दांत दोन वाचकांस आपापला देव दिसावा व कोणाचीही फसवणूक होऊं नये, अशी निवड सहज घडत नाहीं. रचणारा पंडित जाणता होता. 'शून्यरूप' ह्या विशेषणानें मूर्तीचा निषेधही, वाद न घालतां, त्यानें आंत आणून ठेविला आहे.

पैगंबराविषयीं तर हा लेख नाण्याची चूक दुरुस्तच करतो. येथें अवतार नाहीं. विश्वनाथाशीं प्रतिबद्ध अशा नौजनांचा 'बोधक' रसूल महंमद, अशी योजना आहे. मूळ शब्द 'रसूल' तसाच ठेवून त्यास संस्कृत विशेषणाची जोड दिली. भाषांतर व शब्दग्रहण ह्या दोन्ही रीति एकाच पदांत साधल्या. मशिदीस 'मिजिगिति' व 'धर्मस्थान', आणि जमीन मिळवून देणाऱ्या स्थानिक श्री छाडास 'धर्मबांधव' म्हटलें आहे. उत्पन्नांतून उरेल तें मक्का-मदिनेच्या धर्मस्थानास पाठवावें, असाही निर्बंध आहे.

येथवर वाचून ऐक्याचा पुरस्कर्ता संतुष्ट होईल. परंतु ह्याच मशिदीचा अरबी शिलालेख प्रभासपाटण येथें आहे, रमजान ६६२ चा, आणि त्यांत सोमनाथ हें इस्लामच्या शहरांपैकीं एक व्हावें अशी प्रार्थना केलेली आहे. संस्कृत लेखांत त्या प्रार्थनेचा मागमूस नाहीं. संस्कृत लेख हुल्त्श यांनीं १८८२ मध्यें प्रसिद्ध केला. झियाउद्दीन देसाई यांनीं दिलेला अरबी पाठ १९६१ सालचा. दोन शिळा दोन ठिकाणीं पडल्या व दोन नियतकालिकांत छापल्या गेल्या, म्हणून एकीवर लिहिणारा दुसरी विसरतो. आमच्या मतें अरबी प्रार्थनेमुळें संस्कृत लेख खोटा ठरत नाहीं. नूरुद्दीनानें आपल्या लोकांजवळ एक आशा बोलून दाखविली व शेजाऱ्यांशीं दुसऱ्या भाषेंत करार केला. करार जमीन, तेलाचा घाणा, दुकानें अशा ठोस वस्तूंचा होता आणि तो पाळावयाचा होता. हें जसें आहे तसें वाचावें.

तिसरा लेख आमच्या खानदेशच्या दारांतला, बऱ्हाणपूरच्या जामा मशिदींतील. फारुकी राजा आदिलशाह, ज्यास राजा अलीखान म्हणतात, त्यानें ती बांधिली. अरबी लेखाच्या सोबत तेथें संस्कृत लेख आहे: विक्रम १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुक्ल पक्ष, म्हणजे इ. स. १५९० चा आरंभ. शके १५११ ह्या वर्षीं दक्षिणी गणनेनें विरोधी संवत्सरच येतें, तें आम्हीं ताडून पाहिलें. तिथि, वार, नक्षत्र, योग, करण व लग्न अशी मशिदीची सारी जंत्री दगडावर मांडणारा जोशी भेटला असता तर त्यास आम्हीं नमस्कारच केला असता.

येथें नमन 'श्रीसृष्टिकर्त्रे' असें आहे. तीन लेखांत अल्लाच्या 'खालिक' ह्या नांवाशीं नेमका जुळणारा शब्द हाच. पुढील श्लोकांत 'अव्यक्त' पुन्हां येतो, पण एकटा नाहीं. त्याच्या शेजारीं 'चिदात्मक' व शेवटीं 'ईश्वर' हीं पदें आहेत. जें चिदात्मक तें सांख्यांचें जड प्रधान असूं शकत नाहीं. साडेपांचशें वर्षांपूर्वीं लाहोरच्या कारकुनानें जो संशय ठेविला होता, तो ह्या पंडितानें एका विशेषणानें नाहींसा केला. त्याची चूक दुसरीकडे झाली: त्याच श्लोकांत ईश्वरास 'व्यक्ताव्यक्त' म्हटलें आहे, आणि तो व्यक्तही आहे हें म्हणणें मशिदीच्या भिंतीवर शोभत नाहीं. वेदान्ताची संवय हाताला होती, ती सुटली नाहीं.

ह्यानंतर सव्वीस वर्षांनीं, १६१६ त, गोमंतकांत छापलेल्या फादर स्टीफन्स याच्या क्रिस्तपुराणांत हाच प्रश्न मराठी ओवींत उभा राहिला. तो थोडक्यांत सांगतों. स्टीफन्सनें 'देव', 'परमेश्वर', 'वैकुंठ' हे शब्द निःशंकपणें घेतले, पण 'स्पिरितु सांतु' सारखे शब्द परभाषेंतलेच ठेविले. ही भीति समजण्याजोगी आहे. जपानांत झेवियरनें प्रथम 'दाइनिचि' हें बुद्धाचें नांव देवासाठीं वापरलें व चूक कळल्यावर त्यास 'देउस' ह्या लॅटिन शब्दाकडे परत यावें लागलें. सैतानासाठीं मात्र गोव्याच्या मिशनऱ्यांनीं 'देवचार' हा शब्द पत्करला. कोंकणांत देवचार हा गांवचा राखणदार. देवासाठीं शब्द निवडतांना जी काळजी घेतली ती येथें घेतली नाहीं, कीं राखणदारास सैतान ठरविणें हाच हेतु होता? आम्हांस दुसरें अधिक संभवनीय वाटतें.

१९०७ सालीं मंगळूर येथें छापलेली रोमन प्रत व लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथी यांत नेमका ह्याच शब्दांचा भेद आहे: पोर्तुगीज व लॅटिन शब्दांच्या जागीं देवनागरी पोथींत संस्कृत शब्द येतात. हा फेर स्वतः कवीनें केला कीं पुढील लेखकानें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. सबब १९५६ सालची बांदेलू यांची देवनागरी आवृत्ति हातीं असणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं ती रोमन प्रतीवरून लिप्यंतरित आहे. मार्सडेन पोथीचा पाठ पाहिजे असल्यास द्रागो यांची १९९६ सालची आवृत्ति घ्यावी लागते.

महमूदपूरचा दिरहम ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांस आमची विनंति आहे कीं, छायाचित्र देतांना दोन्ही बाजूंचें द्यावें, व कडेचा लेख झिजलेला असल्यास तो ग्रंथांतील पाठावरून पुरा करूं नये. झिजलेला तसाच दाखवावा.