कोळसा-खाणींच्या जलपरीक्षणातील ‘हानी’: एका पदाचा विचार

कोळशाच्या खाणीमुळे भूजलावर आणि नदीनाल्यांच्या पाण्यावर होणाऱ्या परिणामांचे शासकीय परीक्षण हा वरकरणी भूशास्त्राचा व अभियांत्रिकीचा विषय होय. विहिरींची पातळी, झऱ्यांचा प्रवाह, पाण्यातील क्षारांचे प्रमाण ही सर्व मोजमापे तज्ज्ञ करतात. परंतु मोजमाप संपले म्हणजे निर्णय झाला, असे होत नाही. मोजलेला बदल परवाना नाकारण्याइतका गंभीर आहे की नाही, हे शेवटी कायद्यातील एखाद्या शब्दावरून ठरते. त्या शब्दाचा अर्थच अनिश्चित असेल, तर अचूक मोजमापही निर्णयाला बांधून ठेवू शकत नाही. अमेरिकेतील पृष्ठभागीय खाणकाम नियंत्रण व भूमि-पुनःस्थापन कायद्याचा इतिहास ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

३ ऑगस्ट १९७७ रोजी संमत झालेल्या ह्या कायद्याने परीक्षणाची जबाबदारी दोन ठिकाणी विभागली. खाणीचे पाण्यावर होणारे संभाव्य परिणाम अर्जदाराने सांगावयाचे. परिसरातील सर्व अपेक्षित खाणींचा एकत्रित परिणाम मात्र नियामक अधिकाऱ्याने तपासावयाचा. ही विभागणी सयुक्तिक आहे. एका खाणीच्या उपशाने भूजल थोडेसे खाली जाते; शेजारच्या चार खाणींचा उपसा त्यात मिळाला म्हणजे तेच ‘थोडेसे’ एखाद्या गावाच्या विहिरी कोरड्या करते. ही बेरीज कोणताही एकटा अर्जदार करणार नाही.

कायद्याने योजलेली क्रियापदेही दोन आहेत. खाणीच्या जागी व तिच्याशी संबंधित परिसरात जलसंतुलनाचा बिघाड ‘कमीत कमी ठेवावा’ असे एके ठिकाणी म्हटले आहे. परवाना-क्षेत्राबाहेर जलसंतुलनाची ‘मटीरियल डॅमेज’ ‘टाळली जाईल’ अशी खाणीची आखणी हवी, असे दुसऱ्या ठिकाणी. पहिल्या क्रियापदात तडजोड गृहीत आहे. दुसऱ्यात निषेध आहे. क्षेत्राबाहेरच्या शेतकऱ्याचे संरक्षण ह्या दुसऱ्या क्रियापदावर अवलंबून आहे. परंतु क्रियापद कितीही कठोर असले, तरी त्याचे बळ त्याच्या कर्माइतकेच असते. काय टाळावयाचे ते ठरले नसेल, तर टाळण्याची आज्ञा पोकळ राहते.

नेमके तेच घडले. कायद्यान्वये केलेल्या केंद्रीय नियमांत ‘जलसंतुलन’ ह्या पदाची सविस्तर व्याख्या आली. एखाद्या खोऱ्यात किंवा भूजलधारक थरात येणारे, त्यातून जाणारे व त्यात साठणारे पाणी ह्यांच्या गुणप्रमाणांचा परस्परसंबंध, असा तिचा आशय आहे. ‘मटीरियल डॅमेज’ ह्या पदाची व्याख्याही १९९५ मध्ये झाली, पण ती केवळ जमीन खचण्याच्या संदर्भात. पाण्याच्या संदर्भात ते पद अव्याख्यातच राहिले. तराजूचे वर्णन झाले. वजन कोणते मानावयाचे, हे मात्र सांगावयाचे राहून गेले.

ह्या मौनाचे समर्थन करता येत नाही असे नाही. भूस्तर, पर्जन्यमान व पाण्याचा वापर प्रदेशागणिक भिन्न असल्यामुळे एकच व्याख्या सर्वत्र लावणे अन्यायाचे ठरेल, म्हणून निर्णय राज्यांवर सोपवावा, असा तो युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे. तथापि प्रमाण प्रदेशानुसार बदलणे वेगळे आणि प्रमाणच नसणे वेगळे. पहिल्या स्थितीत निर्णयाला आव्हान देता येते. दुसऱ्या स्थितीत कशाच्या आधारे आव्हान द्यावे, हेच कळत नाही.

२० डिसेंबर २०१६ रोजी प्रसिद्ध झालेल्या प्रवाह-संरक्षण नियमाने ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला. खाणीपूर्वी पाण्याचा जो उपयोग होत होता तो अशक्य होणे, जलगुणवत्तेची प्रमाणे मोडली जाणे, अशा तपासता येण्याजोग्या कसोट्यांशी त्याने हानीचा अर्थ जोडला. हा नियम १९ जानेवारी २०१७ रोजी अमलात आला आणि महिनाही पुरा होण्यापूर्वी, १६ फेब्रुवारीस, काँग्रेसच्या ठरावावर राष्ट्राध्यक्षांची सही होऊन रद्द झाला. नियमात अन्यही पुष्कळ तरतुदी होत्या; विरोध केवळ व्याख्येस होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही सुमारे चाळीस वर्षांनी आलेली व्याख्या चार आठवडेच टिकली, ही वस्तुस्थिती राहतेच.

मराठी अभ्यासकांना हा प्रश्न दूरचा नाही. भारतात १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जाहीर सुनावणीसाठी अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबरच स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या बराकर थरांवर कामठी वालुकाश्म आहे, आणि तो पाणी धरणारा आहे. तेथील शेतकऱ्याला खाणीविषयी जे कळावयाचे ते प्रथम ह्या मराठी सारांशातूनच कळावयाचे असते. म्हणून त्यातील शब्दनिवड ही अलंकाराची बाब नव्हे.

इंग्रजी ‘सिग्निफिकंट’साठी रूढ असलेला ‘लक्षणीय’ हा शब्द पाहावा. त्याच्या मुळाशी लक्षात येणे, दिसणे ही कल्पना आहे. भूजल तर दिसतच नाही. मोजल्याखेरीज त्याची घट लक्षात येत नाही. ‘लक्षणीय परिणाम नाही’ ह्या वाक्याचा अर्थ परिणाम नाही असा घ्यावा, की तो पाहिला गेला नाही असा, हे वाचकाला ठरविता येत नाही. ‘मटीरियल’चे ‘भौतिक’ असे भाषांतर केल्यास अर्थ अधिकच बिघडेल. कायद्याच्या इंग्रजीत तो शब्द निर्णयावर परिणाम करण्याइतके महत्त्व दर्शवितो, पदार्थमयता नव्हे. तसेच ‘उपसा’ हा नेमका शब्द उपलब्ध असता ‘निर्जलीकरण’ योजणे म्हणजे रुग्णालयातील शब्द विहिरीत टाकणे होय.

ह्याउलट लोकभाषेत पाण्याचे मोजमाप पूर्वीपासून आहे. अमुक विहीर बारमाही आहे, अमुक विहिरीचे पाणी माघापर्यंत पुरते, ह्या विधानांत स्थळ, काळ व उपयोग तिन्ही येतात. बारमाही विहीर चैत्रात आटू लागली, तर हानी झाली की नाही ह्याविषयी वाद उरत नाही. वाद उरतो तो कारणाविषयी, आणि त्यासाठी खाणीपूर्वीची नोंद हवी. परीक्षणाच्या भाषेने एवढे शिकले तरी पुष्कळ झाले. जे विधान कोणत्याही परिस्थितीत खोटे ठरू शकत नाही, त्याने कोणाचेही नियमन होत नाही आणि कोणाच्या विहिरीचे रक्षणही होत नाही.