कोऱ्या जागेवरच्या रेघा

शेखर कपूरचा ‘एलिझाबेथ’ (१९९८) कॉलेजात असताना पाहिला, तेव्हा मी भारावून गेले होते. परवा फोनवर पुन्हा पाहिला आणि सुरुवातीलाच अडखळले. कुरणात सख्यांबरोबर नाचणारी, रॉबर्ट डडलीला बघून फुलणारी केट ब्लँचेट दिसते सुंदरच. पण विशीतली एलिझाबेथ इतकी निर्धास्त असेल?

जन्म १५३३चा. ती तीन वर्षांचीही नव्हती, तेव्हा बापाने, म्हणजे आठव्या हेन्रीने, तिच्या आईचा शिरच्छेद करवला आणि हिला अनौरस ठरवलं. बाप गेल्यावर, १४व्या वर्षी ती सावत्र आई कॅथरीन पारकडे राहत होती. कॅथरीनचा नवा नवरा थॉमस सीमोर सकाळी सकाळी हिच्या झोपायच्या खोलीत शिरायचा, अंगचटीला यायचा. १५४९मध्ये तो राजद्रोहाच्या आरोपात अडकला, तेव्हा १५ वर्षांच्या हिचीही चौकशी झाली. हिला सांभाळणाऱ्या केट ॲश्लीला टॉवरमध्ये डांबलं. ही गरोदर असल्याची अफवा पसरली. तिने कारभारी सॉमरसेटला लिहिलं: मला दरबारात येऊ द्या, म्हणजे मी कशी आहे ते दिसेलच.

सिनेमात यातलं काही नाही. टॉवरची कैद आहे, पण त्याआधीचं पत्र नाही. मार्च १५५४. बंडात सामील असल्याच्या संशयावरून तिला टॉवरमध्ये न्यायला माणसं आली होती आणि ती सावत्र बहिणीला, मेरी राणीला, पत्र लिहीत होती. मजकूर संपला, तरी दुसऱ्या पानावर जागा उरली. तिथे कुणी आपल्या नावावर काही घुसडू नये, म्हणून तिने त्या कोऱ्या जागेवर तिरप्या रेघा ओढल्या. वय २०.

निरागस मुलगी प्रेमात पोळते आणि शेवटी केस कापून, तोंडाला पांढरा रंग फासून पुतळा होते, ही कपूरची गोष्ट आपल्याला सोयीची वाटते. बाई कठोर दिसली की त्यामागे एखादा प्रेमभंग शोधायची आपली सवय जुनीच. ही मात्र मोठ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता, लहानपणीच सावध झाली होती. १५५८मध्ये, पंचविशीत, मुकुट मिळाला तो या सावध मुलीला.

सिनेमा बघाच, ब्लँचेटसाठी तरी. मग त्या पत्राचा फोटो शोधा आणि दोन बोटांनी मोठा करा. रेघा अजून तिथे आहेत.