कमाल जमीनधारणा कायद्याचे न्यायनिर्णय : रोडपालीच्या संदर्भात

महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ ला दिलेल्या आव्हानांची चर्चा बहुधा 'वामनराव विरुद्ध भारत सरकार' (आदेश व कारणमीमांसा १९८०) या खटल्यापाशी थांबते. २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या अनुसूचीत आलेले कायदे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील, हे त्याचे फलित महत्त्वाचेच आहे. तथापि त्याआधीचा 'दत्तात्रय गोविंद महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (१९७७) हा निकाल अधिक बारकाईने वाचावयास हवा.

१९७५ च्या सुधारणेने बारमाही ओलिताची मर्यादा १८ एकर, कोरडवाहूची ५४ एकर, तर कोकणातील भातजमिनीची ३६ एकर ठरविली. पती, पत्नी व अज्ञान मुले यांच्या जमिनी 'कुटुंब घटक' म्हणून एकत्र मोजल्या जाऊ लागल्या. खातेदारांचा आक्षेप अनुच्छेद ३१-अ च्या दुसऱ्या परंतुकावर आधारलेला होता : स्वतः कसत असलेली मर्यादेतील जमीन बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात घेता येत नाही. कुटुंब घटकाची मर्यादा हीच लागू मर्यादा, हे न्यायालयाचे उत्तर पटण्याजोगे आहे. परंतु परंतुकाचा भंग झाला तरीही अनुच्छेद ३१-ब कायद्याला तारील, हे म्हणणे तितके निरुपद्रवी नाही. १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने आलेले हे परंतुक मुळात बड्या खातेदाराचे नव्हे, मर्यादेखालच्या कसणाऱ्याचे कवच होते.

पनवेल तालुक्यातील, कळंबोली वसाहतीलगतच्या रोडपालीकडे पाहिले म्हणजे या कवचाची दुसरी उणीव ध्यानी येते. नवी मुंबई प्रकल्पासाठी या पट्ट्यातील जमिनी संपादनाकरिता अधिसूचित झाल्या त्या १९७० साली, आणि त्याही कमाल मर्यादा कायद्याने नव्हे. १८९४ च्या (२०१३ च्या कायद्याने निरसित झालेल्या) भूसंपादन कायद्याने. तो कायदा बाजारभाव देत असे, म्हणून परंतुकाची अट कागदोपत्री पुरी होई. मात्र तो भाव प्राथमिक अधिसूचनेच्या दिवशीचा. निवाडा कितीही लांबो. दोन वर्षांत निवाडा करण्याचे बंधन १९८४ च्या दुरुस्तीने आले. त्याच वर्षी जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले होते. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या लढ्यातून आली, परंतुकातून नव्हे.