भास्करराम कोल्हटकर आणि गंगारामाचे ‘महाराष्ट्रपुराण’

१

सेनापतीचे चरित्र लिहिणाऱ्यापुढे एक अडचण नेहमीच उभी राहते. त्याच्या आयुष्याचा जो भाग आपल्याला दिसतो तो मोहिमांचा. आणि मोहिमांची हकीकत एक तर त्याच्या धन्याच्या दप्तरात सापडते, नाही तर ज्यांचा मुलूख त्याने तुडवला त्यांच्या आठवणीत. नागपूरकर रघुजी भोसल्याचा दिवाण आणि बंगालवरील पहिल्या स्वाऱ्यांचा सेनानायक भास्करराम कोल्हटकर याच्या बाबतीत ही अडचण टोकाला गेली आहे. मराठीत त्याचे नाव बहुधा रघुजीच्या चरित्राचा एक भाग म्हणून येते आणि मानकऱ्याच्या विश्वासघाताशी संपते. बंगालीत मात्र त्याच्या नावाने एक स्वतंत्र काव्यच आहे. गंगाराम या कवीच्या ‘महाराष्ट्रपुराणा’च्या उपलब्ध कांडाचे नावच ‘भास्कर-पराभव’ असे असून त्याच्या हस्तलिखितावरील काळ इ. स. १७५१ च्या सुमाराचा, म्हणजे भास्कररामाच्या मृत्यूनंतर अवघ्या सात वर्षांचा आहे.

या काव्याचा उपयोग आजवर प्रायः इतिहासाचे एक साधन म्हणून झाला. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ते साधन तर आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे भास्कररामाच्या सेनापतित्वाची ती एक गंभीर समीक्षा आहे. अभिमानाच्या आड येते म्हणून मराठी वाचकाने ती बाजूस सारणे जसे गैर, तसेच तिला अखेरचा निवाडा मानणेही गैर ठरेल.

२

प्रथम चरित्राचा सांगाडा पाहू. नागपूरच्या दक्षिणेस सोनेगाव-खापरीच्या परिसरात आज मिहान हा मालवाहतूक व विमानतळाचा विस्तीर्ण प्रकल्प आहे. हे शहर देशाच्या मध्यावर असून येथून चारी दिशांना सारखेच जाता येते, हा विचार त्या प्रकल्पाच्या मुळाशी आहे. अठराव्या शतकात रघुजीने आपले ठाणे नागपुरास आणले तेव्हा याच मध्यवर्तीपणाने त्याच्यापुढे पूर्वेची वाट उघडली. परंतु मध्यावर असणे म्हणजे प्रत्येक सीमेपासून दूर असणेही होय. नागपूरपासून भागीरथीकाठचे काटवा सरळ रेषेनेच नऊशे किलोमीटरांहून अधिक दूर पडते. मधला मुलूख डोंगराळ व झाडीचा. इतक्या अंतरावर फौज नेणाऱ्याला मागून रसद किंवा पगाराची भरवशाची आशा ठेवता येत नव्हती. फौज जेथे जाईल तेथेच तिचे पोट भरावे लागे. भास्कररामाच्या यशापयशाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

१७४० साली सरफराजखानाचा गिरियाच्या लढाईत अंत करून अलिवर्दीखान बंगालचा नवाब झाला. त्याच्या सत्तेवर आक्षेप घेणारे पुष्कळ होते. १७४२ च्या एप्रिलात भास्करराम पंचेतच्या मार्गाने बंगालमध्ये उतरला आणि त्याने बर्दवानजवळ नवाबाला कोंडीत धरले. प्रथम त्याची मागणी दहा लाख रुपयांची होती. नवाबाची दैना पाहून ती एक कोट रुपये व सर्व हत्ती इथपर्यंत गेली, असे फारसी वृत्तांत सांगतात. नवाब लढत-लढत काटव्यास निसटला. पावसाळ्यापूर्वी परतावे असा भास्कररामाचा विचार होता. परंतु ओरिसाच्या पदच्युत सुभेदाराचा माजी कारभारी मीर हबीब याने त्याला थांबविले. मे महिन्यात मीर हबीबाने मुर्शिदाबादेवर अचानक छापा घालून जगत्‌सेठाच्या पेढीतून मोठी रोकड उचलली. पुढे हुगळीही हाती आली. मात्र त्याच सप्टेंबरात, काटव्याजवळ भास्कररामाने मांडलेल्या दुर्गापूजेच्या दिवसांत, अलिवर्दीने रात्रीतून नदी ओलांडून छावणीवर झडप घातली आणि वर्ष संपण्यापूर्वी मराठ्यांना चिलका सरोवरापलीकडे हटविले.

१७४३ मध्ये रघुजी स्वतः आला. पण बादशहाच्या बाजूने पेशवा बाळाजी बाजीराव बंगालमध्ये उतरल्याने त्याला माघार घ्यावी लागली. अखेर शाहू महाराजांनी दोघांची क्षेत्रे वाटून दिली. १७४४ च्या आरंभी भास्करराम पुन्हा बंगालमध्ये शिरला. या वेळी नवाबाने तहाचे बोलणे लावले, मध्यस्थांनी शपथा घेतल्या, आणि ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथील भेटीच्या तंबूत भास्करराम व त्याचे वीसांवर सरदार कापले गेले. छावणीत मागे राहिलेला रघुजी गायकवाड उरलेली फौज घेऊन निघून गेला.

३

आता गंगारामाकडे वळू. त्याच्या काव्याची मांडणी लक्षात घेतल्याशिवाय त्याचे म्हणणे कळत नाही. काव्याचा आरंभ तक्रारीने होतो, पण ती मराठ्यांविरुद्धची नव्हे. बंगालच्या लोकांचे पाप वाढले म्हणून पृथ्वी ब्रह्मदेवाकडे जाते, गाऱ्हाणे शिवापर्यंत पोहोचते, आणि शिव नंदीकरवी शाहूराजाच्या ठायी प्रेरणा उत्पन्न करतो. म्हणजे भास्करराम प्रथम रंगभूमीवर येतो तो ईश्वरी दंडाचा साधक म्हणून. गंगाराम हा नवाबाचा भाट नाही, ही गोष्ट येथेच स्पष्ट होते.

त्यानंतर पळापळीचे प्रसिद्ध वर्णन येते. पोथ्या घेऊन निघालेले पंडित, तराजू घेऊन निघालेले सोनार व दुकाने आवरून निघालेले व्यापारी एकामागून एक आपल्यासमोरून जातात. त्यांना विचारावे तर बरगी प्रत्यक्ष कोणीच पाहिलेले नाहीत. इतर पळतात म्हणून हेही पळतात. वास्तवाचे हे सूक्ष्म निरीक्षण केवळ पुराणपद्धतीने लिहिणाऱ्याला साधणारे नव्हे. पुढे जाळलेल्या गावांची नावानिशी यादी येते. लूट, छळ व स्त्रियांवरील अत्याचार येतात. या भागात क्रियापदांचा कर्ता मुख्यतः ‘बरगी’ हे समूहवाचक नाम आहे.

१७४४ च्या स्वारीशी येताच मात्र कवी कर्ता बदलतो. स्त्री-पुरुष जो दिसेल त्याला मारावे, ही आज्ञा तो स्वतः भास्कररामाच्या तोंडी घालतो. ब्राह्मण, वैष्णव, स्त्रिया व गाई मारल्या जातात. आणि तेव्हा, ज्या देवीची पूजा भास्कररामाने मांडली होती ती देवीच त्याच्यावर उलटते व नवाबाला अनुकूल होते. मानकऱ्याचा वध हा काव्यात नवाबाचा पराक्रम नसून काढून घेतलेल्या अधिकाराचा परिणाम आहे. दंड देण्यास पाठविलेला दंडाची मर्यादा ओलांडतो तेव्हा तोच दंड्य ठरतो, हा या काव्याचा सिद्धान्त होय.

४

हा सिद्धान्त गंगारामाचा स्वतःचा आहे, हे समकालीन ग्रंथांशी तुलना केल्यास दिसून येते. बर्दवानच्या आश्रयातील बाणेश्वर विद्यालंकार याच्या ‘चित्रचम्पू’ या संस्कृत ग्रंथातही शाहूच्या सैन्याच्या निर्दयतेचे वर्णन आहे. पण ते चम्पूच्या अलंकृत शैलीत आहे; तेथे आपत्ती दिसते, माणूस दिसत नाही. भारतचंद्राने ‘अन्नदामंगला’त स्वारीचे कारण नवाबाच्या सैन्याने भुवनेश्वर येथे केलेल्या उपद्रवात शोधले. त्यालाही शिवाचा कोप व नंदी लागतो, परंतु सूड घेणाऱ्याच्या वर्तनाचा हिशेब तो मागत नाही. फारसी तवारीखकार डावपेच व तपशील यांत समृद्ध आहेत, तथापि त्यांची दृष्टी दरबाराची आहे. सेनापतीला त्याच्या सैन्याच्या कृत्यांचा जाब विचारणारा यांत गंगाराम एकटाच.

असे असले तरी त्याची साक्ष पारखून घेतली पाहिजे. अखेरच्या स्वारीतील सरसकट संहाराची आज्ञा ही काव्यरचनेची गरज होती. तिच्यावाचून देवीचा पक्षबदल उभा राहत नाही. म्हणून ती आज्ञा शब्दशः दिली गेली असे केवळ या काव्यावरून म्हणता येणार नाही. परंतु आज्ञा बाजूला ठेवली तरी गावांची यादी उरते. आणि चित्रचम्पूची साक्ष गंगारामाशी मिळते, त्या दोन ग्रंथांची परंपरा व भाषा सर्वस्वी भिन्न असताना मिळते, याला महत्त्व आहे.

५

येथे मराठी चरित्रकाराची कसोटी लागते. दोन पळवाटा त्याच्यापुढे असतात. एक अशी की, त्या काळी सर्वच सैन्ये लुटीवर जगत. हे खरे आहे, आणि नागपूरपासूनच्या अंतराचा विचार वर केलाच आहे. पण अंतर हे लुटीचे कारण होते, समर्थन नव्हे. पगार देता येणार नाही अशी फौज दूरदेशी पावसाळाभर ठेवण्याचा निर्णय भास्कररामाचा होता. मीर हबीबाने सल्ला दिला, तरी जबाबदारी सल्लागाराची होत नाही. दुसरी पळवाट मानकऱ्याची. तहाच्या बोलण्यास आलेल्या माणसाला शपथेवर बोलावून मारणे हा निंद्य विश्वासघात होता. परंतु त्याचा अन्याय्य मृत्यू गावकऱ्यांच्या अन्याय्य मृत्यूचा हिशेब पुरा करीत नाही. शोकान्त चरित्राला क्षमापत्र समजणे ही आपल्या चरित्रवाङ्मयाची जुनी खोड आहे.

उलटपक्षी, भास्कररामाला केवळ लुटारू ठरविणेही तितकेच उथळ होईल. अपरिचित मुलखात शिरून त्याने नवाबाला त्याच्याच राज्यात कोंडले, आणि स्थानिक असंतोषाचा उपयोग करून घेतला. त्याच्या मृत्यूने रघुजीची मोहीम थांबली नाही. १७५१ च्या तहाने ओरिसा व्यवहारतः नागपूरकरांकडे आला आणि बंगालच्या चौथाईचे सालीना बारा लाख रुपये ठरले, त्याचा पाया त्यानेच घातला होता. त्याच्या गुणांची ही नोंद गंगाराम करीत नाही. ते चरित्रकाराचे काम आहे.

भाषेनेही या प्रकरणात आपली साक्ष दिली आहे. मराठीत बारगीर म्हणजे सरकारी वा सरदाराच्या घोड्यावर चाकरी करणारा स्वार. स्वतःचा घोडा आणणाऱ्या शिलेदाराहून वेगळा. हिशेबवहीतला हा साधा शब्द बंगालीत ‘बरगी’ होऊन मुलांना निजविण्याच्या गाण्यात भीतीचे नाव बनला. एकच शब्द एका भाषेत नोकरीचा प्रकार सांगतो आणि दुसरीत संकट सांगतो. भास्कररामाच्या चरित्रात हे दोन्ही अर्थ एकत्र वाचता आले पाहिजेत. एडवर्ड डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ साली या काव्याचे सटीप इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ज्या नगरातून ती फौज निघाली त्या नगरातील अभ्यासकांनी मूळ बंगाली संहिता हाती घेऊन तिचे चिकित्सक मराठी संपादन करणे, हे त्या वाचनाचे पहिले पाऊल ठरेल.