विक्रमाचा आकडा आणि त्यामागची वजाबाकी

हिंदी चित्रपटसंगीताविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात एक माहिती हमखास आढळते. सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार आशा भोसले आणि अलका याज्ञिक यांनी प्रत्येकी ७ वेळा मिळवला, आणि हा विक्रम आहे. लता मंगेशकरांच्या नावावर ४ आहेत. पुरुषांत किशोरकुमार ८, महंमद रफी ६. हे आकडे खरे आहेत. प्रश्न आहे तो त्यांवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाचा. ‘लता की आशा’ हा आपल्या घराघरांतला जुना वाद अलीकडे या आकड्यांनी मिटवायची सवय लागली आहे. म्हणून या यादीचा इतिहास एकदा नीट तपासायला हवा.

फिल्मफेअर पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, तेव्हा ते पाचच होते : चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि संगीतकार. संगीताचा पहिला मान ‘बैजू बावरा’साठी नौशाद यांना मिळाला. गायक आणि गीतकार यांना यादीत जागाच नव्हती. १९५७ साली ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांची निवड झाली, तेव्हा जयकिशन यांनी लताबाईंना समारंभात गाण्याची विनंती केली. त्यांनी नकार दिला. गायकाला आणि गीतकाराला पुरस्कार नसेल, तर वाद्यवृंदाने नुसती चाल वाजवावी, असा त्यांचा मुद्दा होता. १९५९ पासून हे दोन्ही पुरस्कार सुरू झाले. पहिले मानकरी ‘यहुदी’साठी शैलेंद्र आणि ‘मधुमती’साठी स्वतः लताबाई. पार्श्वगायनाची यादी अस्तित्वात आली त्यामागे हा नकार आहे, हे विक्रम सांगताना सहसा सांगितले जात नाही.

यादी १९५९ साली सुरू होते, याचा पहिला परिणाम उघड आहे. ‘महल’ आणि ‘बरसात’ (१९४९), ‘अनारकली’ (१९५३), ‘नागिन’ (१९५४) ही लताबाईंच्या आवाजाने देश भारून टाकल्याची वर्षे हिशेबाबाहेर राहतात. आशाबाईंच्या कारकिर्दीला वळण देणारा ‘नया दौर’ (१९५७) बाहेर राहतो. सर्वांत मोठा अन्याय गीता दत्त यांच्यावर होतो. ‘बाजी’ (१९५१) आणि ‘प्यासा’ (१९५७) पुरस्काराच्या आधीचे. ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) मुदतीत बसतो, पण १९६३ चा पुरस्कार ‘बीस साल बाद’साठी लताबाईंना गेला. म्हणजे गीता दत्त यांच्या नावापुढे शून्य. तलत महमूद यांच्या नावापुढेही शून्यच. ज्या यादीत हे दोन आवाज नाहीत, ती यादी गायनाचे मोजमाप म्हणून किती मानायची?

दुसरा टप्पा १९५९ ते १९६७ चा. ही नऊ वर्षे गायक आणि गायिका मिळून एकच पुरस्कार होता. त्यांतले ४ रफींना, ३ लताबाईंना, १ मुकेश आणि १ महेंद्र कपूर यांना मिळाला. ‘मुगल-ए-आझम’च्या वर्षी लताबाईंना मान मिळाला नाही, कारण तो एकमेव मान ‘चौदहवीं का चाँद’साठी रफींकडे गेला. ‘तिसरी मंझिल’च्या वर्षी आशाबाईंची वाट ‘सूरज’मधल्या रफींच्या गाण्याने अडवली. एकत्र स्पर्धेतला एक पुरस्कार आणि विभागलेल्या स्पर्धेतला एक पुरस्कार यांची बेरीज एकाच रकान्यात करायची का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

१९६८ पासून गायक व गायिका यांचे पुरस्कार वेगळे झाले. आशाबाईंचे सातही पुरस्कार या विभागणीनंतरचे आहेत : ‘दस लाख’, ‘शिकार’, ‘कारवाँ’, ‘हरे राम हरे कृष्ण’, ‘नैना’, ‘प्राण जाये पर वचन न जाये’ आणि ‘डॉन’. यांतले पहिले दोन लताबाई स्पर्धेत असताना मिळाले. १९७० साली ‘जीने की राह’साठी लताबाईंना पुरस्कार मिळाला आणि नव्यांना वाव मिळावा म्हणून त्यांनी आपला विचार यापुढे करू नये, असे कळवले. आशाबाईंचे उरलेले पाच त्यानंतरचे. १९७३ साली ‘पाकिजा’ स्पर्धेत होता. त्याच्या संगीताला डावलून ‘बेईमान’ला पुरस्कार दिला, म्हणून प्राण यांनी ‘बेईमान’साठीच मिळालेला स्वतःचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार नाकारला. त्या ‘पाकिजा’तली लताबाईंची गाणी मात्र त्यांच्या आधीच्या निर्णयामुळे शर्यतीतच नव्हती.

यावरून आशाबाईंचे यश उसने होते असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अविचार ठरेल. लताबाई नसतानाही ही वाट मोकळी नव्हती. १९७१ साली शारदा, १९७६ साली सुलक्षणा पंडित, १९७७ साली हेमलता आणि १९७८ साली प्रीती सागर यांनी हा मान मिळवला. लताबाईंच्या माघारीचा हेतू सफल झाल्याची ही चार नावे साक्ष आहेत. पुढे १९७९ च्या पुरस्कारानंतर आशाबाईंनीही तीच वाट धरली. त्यामुळे ‘उमराव जान’ (१९८१) आणि ‘इजाजत’ (१९८७) त्या सातांत नाहीत. या दोन्हींसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थोडक्यात, ७ हा आशाबाईंनी गाठलेला शेवट नव्हे, त्या जिथे आपणहून थांबल्या तो मुक्काम आहे. अलका याज्ञिक यांचे ७ पुरस्कार १९८९ ते २००५ या काळातले. त्यांतला ‘खलनायक’चा इला अरुण यांच्यासह विभागून मिळालेला. दोन्ही सात कागदावर सारखे दिसतात, पण त्यांची जातकुळी वेगळी आहे.

पुरुषांच्या यादीलाही हेच लागू होते. किशोरकुमार यांचे शेवटचे चार पुरस्कार १९८३ ते १९८६ असे सलग आहेत. तोवर मुकेश (१९७६) आणि रफी (१९८०) हे दोघेही निघून गेले होते. १९८५ साली तर सगळी नामांकने एकट्या किशोरकुमारांच्या ‘शराबी’तल्या गाण्यांना होती. स्वतःशीच लागलेल्या शर्यतीतला विजय आकड्यात एकच धरला जातो.

मग या यादीचा उपयोग काय? उपयोग आहे, फक्त बेरजेपेक्षा वेगळा प्रश्न विचारायला हवा. आशाबाईंच्या सात पुरस्कारांमागचे संगीतकार पाहा : रवी, शंकर-जयकिशन (दोनदा), राहुलदेव बर्मन (दोनदा), ओ. पी. नय्यर, कल्याणजी-आनंदजी. आशाबाईंना नय्यर आणि पंचम यांनी घडवले, हे आपल्याकडे पाठ झालेले वाक्य आहे. सातांपैकी चार पुरस्कार त्या दोघांच्या बाहेरचे आहेत. नय्यर यांचे जे एक गाणे यादीत आहे, ते तर चित्रपटातून वगळले गेले होते. पडद्याचा कोणताही आधार नसताना ते निव्वळ आवाजावर जिंकले. ‘कारवाँ’तला श्वासांचा खेळ आणि या गाण्यातली थिजलेली व्यथा एकाच गळ्यातून आली, ही खरी नोंद घेण्याजोगी गोष्ट. ‘७’ या आकड्यात ती दिसत नाही.

लताबाईंचे चार पुरस्कार सलील चौधरी, हेमंतकुमार, रवी आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडचे. त्यांत मदनमोहन नाहीत, सी. रामचंद्र नाहीत, नौशाद नाहीत, रोशनही नाहीत. ज्या स्वररचनांवरून आपण लताबाईंना ओळखतो, त्यांतल्या बहुतेकांना या यादीने स्पर्शही केलेला नाही. शिवाय ही सगळी मोजदाद हिंदी गाण्यांची. ‘आनंदघन’ या नावाने ‘साधी माणसं’ला (१९६५) संगीत देणाऱ्या लताबाई किंवा मराठी भावगीतांतल्या आशाबाई तिच्यात येण्याचा संभवच नव्हता.

पुरस्कार एका वर्षातल्या एका गाण्याला मिळतो, विक्रम मात्र माणसाच्या नावावर मांडला जातो. या दोहोंमधल्या जागेत नियम बदलतात, माणसे माघार घेतात, काही जण जग सोडून जातात. तो तपशील गाळून उरलेला आकडा माहिती म्हणून बरोबर असतो आणि पुरावा म्हणून लंगडा. दोन बहिणींपैकी मोठी गायिका कोण, याचे उत्तर ज्याला हवे असेल त्याने ते गाण्यांत शोधावे. यादी एवढेच सांगते की, दोघींनीही भरात असताना आपले नाव तिच्यातून काढून घेतले.